अकाउंटंटला फी किती द्यायची, आणि ती ठरवायची कशावरून?

शिवणयंत्र

नमस्कार मंडळी, प्रश्न साधा आहे पण गेले तीन आठवडे डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकते.

मी कापडी बॅगा आणि पाऊच शिवते. चार वर्षं झाली, सुरुवातीला एकटीच होते, आता तिघी पगारावर आहेत आणि दोघी घरून नगावर काम करतात. विक्री दोन ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून होते आणि थोडी थेट घाऊक. हिशेब आत्तापर्यंत मीच लिहायचे, आधी वहीत, मग एक्सेलमधे, आणि वर्ष संपलं की सगळी फाइल एका अकाउंटंटकडे नेऊन द्यायचे, ते रिटर्न भरून द्यायचे, फी पण जड वाटत नव्हती. यावर्षी त्यांनी सांगितलं की काम वाढलंय, आता वर्षाच्या शेवटी एकदम बघून जमणार नाही, दर महिन्याला हिशेब ठेवायला लागेल आणि फी वर्षाला जवळजवळ चौपट होईल. चौपट ऐकून मी हबकलेच.

मग अजून दोन ठिकाणी विचारलं. एक जण म्हणाले याच्या निम्म्यात करून देतो, सगळं करतो ताई तुम्ही काळजी करू नका. सगळं म्हणजे काय ते काही सांगितलं नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले आम्ही विक्रीच्या टक्क्यावर घेतो. म्हणजे माल एकच आणि भाव तीन, आणि मला कापडाचा भाव विचारलात तर हात लावून सांगेन पण यातलं कळायला काही मार्गच नाही.

महिन्याचं काम अंदाजे असं: खरेदीची बिलं साठ ते सत्तर, बँक खाती दोन, कार्ड एक, पगार तिघींचे, नगावरच्या दोघींचं दर आठवड्याला पेमेंट, ऑनलाइन ऑर्डरी साडेतीनशेच्या आसपास. यावर्षीचे चार महिन्यांचे हिशेब अजून लिहायचे राहिलेत ते वेगळंच.

तर तुम्ही लोक किती देता यापेक्षा मला हे सांगा की योग्य किती ते ओळखायचं कसं? आणि टक्क्यावर देणं बरोबर आहे का?


छपाईवाला

ताई स्वस्तात जाऊ नका एवढंच आधी सांगतो, कारण मी गेलो होतो.

माझा छपाईचा व्यवसाय आहे. सुरुवातीला सगळ्यात कमी भाव सांगणाऱ्याला काम दिलं आणि तीन वर्षं मला वाटत होतं की आपण पैसे वाचवले. रिटर्न वेळेवर जायचे, मेसेजला उत्तर यायचं, तक्रार करावी असं काही नव्हतंच. मग नवीन मशीनसाठी कर्ज काढायला गेलो, तिथे ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, मागितला आणि समोरच्या माणसाने एका ओळीवर बोट ठेवलं, सस्पेन्स खातं. मला तोपर्यंत असं काही खातं असतं हेच माहीत नव्हतं. ज्या व्यवहाराचा पत्ता लागत नाही तो तात्पुरता तिथे ठेवायचा आणि शोधून योग्य जागी टाकायचा असा त्याचा उपयोग, पण माझ्या हिशेबात तीन वर्षांचं जे जे कळलं नाही ते सगळं तिथेच पडून होतं, कोणी एकदा फोन करून विचारलं सुद्धा नव्हतं की दादा हे कसले पैसे.

नवीन अकाउंटंटने उघडून बघितलं तेव्हा अजून निघालं. कर्जाचा हप्ता अख्खा खर्चात टाकलेला, मुद्दल आणि व्याज वेगळं केलंच नव्हतं. गिऱ्हाइकांनी ऑर्डर देताना दिलेला ॲडव्हान्स थेट विक्रीत धरलेला, म्हणजे काम झालं नाही त्याचा नफा दिसतोय. कटिंग मशीन घेतलं ते एका वर्षात पूर्ण खर्च दाखवलं, घसारा, म्हणजे किंमत थोडी थोडी करून दर वर्षाच्या खर्चात टाकणं, वगैरे काही नाही. हे सगळं नीट करायला दोन महिने लागले आणि त्याची जी फी झाली त्यात तीन वर्षांत वाचवलेलं सगळं गेलं, वर अजून थोडे घालायला लागले. कर्ज मिळालं पण पाच महिने उशिरा, तोपर्यंत ती ऑर्डर दुसऱ्याकडे गेली होती.

त्यामुळे निम्म्यात करणाऱ्यांना एकच विचारा, एखादी एन्ट्री कळली नाही तर तुम्ही काय करता? "मी तुम्हाला विचारतो, दर महिन्याला प्रश्नांची यादी पाठवतो" असं उत्तर आलं तर पुढे बोला.


खतावणी

मी स्वतः अकाउंटंट आहे, सतरा वर्षं छोट्या व्यवसायांचेच हिशेब करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबेल, पण फी कशी ठरते हे आमच्या बाजूने कोणी नीट सांगतच नाही आणि मग गिऱ्हाइकाला वाटतं तोंडाला येईल तो आकडा सांगितला.

पहिलं म्हणजे "अकाउंटंटचं काम" हे एक काम नाही. रोजच्या नोंदी आणि बँक जुळवणी, म्हणजे त्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघणं, हे एक. पगारपत्रक हे दुसरं. टॅक्सचे रिटर्न तिसरं. वर्षअखेरचा नफा-तोटा आणि ताळेबंद चौथं. आणि तुम्हाला फोन करून विचारता येणं, की हे मशीन आत्ता घेऊ का पुढच्या वर्षी, हे पाचवं, ज्याचे पैसे बहुतेक लोक वेगळे मोजत नाहीत पण तिथेच अनुभवाचा उपयोग होतो. ऑडिट हे यात धरूच नका, ते पूर्ण वेगळं प्रकरण आहे. नुसते आकडे नीट मांडून देणं, त्यांचा मर्यादित आढावा घेणं आणि ऑडिट करणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, तिघांना आंतरराष्ट्रीय मानकं सुद्धा वेगवेगळी आहेत आणि वेळही खूप वेगळा लागतो. कोणी "ऑडिटसकट" म्हणालं तर ते तुम्हाला कायद्याने लागतंय का, किंवा कर्ज देणारा मागतोय का हे आधी विचारा, लागत नसेल तर त्याचे पैसे कशाला द्यायचे.

आता फी. आमच्याकडे जुना आडाखा असा की काम करणाऱ्या माणसाचा तासाचा जो पगार पडतो त्याच्या साधारण तिप्पट दर गिऱ्हाइकाला लावायचा. एक हिस्सा पगार, एक हिस्सा ऑफिस, सॉफ्टवेअर, विमा, शिक्षण आणि जे तास कोणाच्याच नावावर लागत नाहीत ते, आणि एक हिस्सा नफा. सगळे अगदी असंच करतात असं नाही, पण भाव तपासायला हे चांगलं माप आहे.

तुमचंच काम घेऊ. बिलं नीट स्कॅन केलेली असतील, बँकेची स्टेटमेंट थेट सॉफ्टवेअरमधे येत असतील तर माझ्या अंदाजाने महिन्याला आठ तास. त्यातले सहा तास नोंदी करणाऱ्या ज्युनिअरचे, दोन तास तपासणाऱ्या सीनिअरचे. सीनिअरचा दर माझ्याकडे ज्युनिअरच्या तिप्पट आहे, म्हणजे ते दोन तास सहासारखे मोजायचे, एकूण झाले महिन्याला बारा. वर्षाचे १४४. वर्षअखेरीला अजून वीस तास, निम्मे ज्युनिअरचे निम्मे सीनिअरचे, म्हणजे दहा अधिक तीस, चाळीस. एकूण १८४ ज्युनिअर तास. त्याला पगाराच्या तिप्पट दर, म्हणजे ५५२ तासांच्या पगाराएवढी रक्कम. पूर्णवेळ माणूस वर्षाला साधारण २००० तास काम करतो असं धरलं तर तुमची वर्षाची फी ही तुमच्या भागात एका पूर्णवेळ बुककीपरला, म्हणजे रोजच्या नोंदी लिहिणाऱ्याला, जो वर्षाचा पगार मिळतो त्याच्या पाव हिश्शाच्या जरा वर यायला पाहिजे.

हे माप कुठल्याही गावाला आणि कुठल्याही पैशात चालतं म्हणून आकडा न सांगता असं लिहिलं. बुककीपरचा पगार तुम्हाला नोकरीच्या जाहिराती बघून अर्ध्या तासात कळेल. भाव त्या पगाराच्या एक दशांशच आला तर समजा की तेवढ्यात हे तास बसतच नाहीत, काहीतरी वगळलं जाणार. निम्म्याच्या वर आला तर विचारा की जास्त काय आहे, कदाचित खरंच काही असेल.

कमी फीबद्दल अजून एक. आमच्या पेशाची जी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे तिच्यात कमी भाव सांगणं हा गुन्हा नाहीये, पण भाव इतका कमी असेल की त्यात काम मानकांप्रमाणे करणं अवघड होईल, तर ते धोक्याचं आहे असं त्यात लिहिलंय.

टक्क्याचं म्हणाल तर मला पटत नाही. तुमचं काम नोंदींच्या संख्येवर आहे, विक्रीच्या रकमेवर नाही. उद्या तुम्ही त्याच शंभर बॅगा दुप्पट किमतीला विकल्यात तर नोंदी तेवढ्याच राहतात, मग फी दुप्पट का? आणि टॅक्स जितका वाचवू त्यातला हिस्सा द्या असं कोणी म्हणालं तर तिथून निघा, कारण त्या माणसाचं पोट तुमचा टॅक्स कमी दाखवण्यावर चालणार आणि उद्या चौकशी आली की सही तुमची असते. ऑडिटच्या कामाला तर अशी निकालावर अवलंबून फी घ्यायला आचारसंहितेत सरळ बंदी आहे.


लाकूडकाम

खतावणी ताईंचं गणित आवडलं पण टक्क्याबद्दल थोडं वेगळं म्हणायचंय.

आमचा फर्निचरचा कारखाना, छोटाच. महिन्याला वीस बावीसच बिलं होतात पण एकेक ऑर्डर मोठी असते, आणि चूक झाली तर ती पण मोठीच. माझा अकाउंटंट म्हणतो की तुमच्या नोंदी कमी असल्या तरी माझी जबाबदारी जास्त आहे, त्याचे पैसे घेतो, आणि मला ते पटतं. म्हणजे टक्केवारी नको हे मान्य, पण रकमेचा काहीच संबंध नाही असंही नाही. आम्ही काय केलं, उलाढालीचे टप्पे ठरवले, या टप्प्यापर्यंत ही फी, त्याच्या वर गेलं तर बसून बोलायचं, आणि बोलल्याशिवाय वाढ नाही.

दुसरं, महिन्याचं काम अकाउंटंटकडेच द्यायला पाहिजे असं कोणी सांगितलं? मी नोंदींसाठी आठवड्यातून एक दिवस येणारी बुककीपर ठेवलीय, ती इथे बसून काम करते, बिल सापडलं नाही तर हाक मारून विचारते, मी लाकडाच्या भुशात उभा असतो तिथूनच उत्तर देतो. अकाउंटंट तीन महिन्यांनी एकदा तपासतो आणि वर्षअखेर करतो. एकूण खर्च आधीपेक्षा कमी झालाय आणि हिशेब जास्त ताजा असतो. फक्त त्या दोघांचं एकमेकांशी पटलं पाहिजे, खात्यांची यादी आधी अकाउंटंटकडून बनवून घ्या आणि बुककीपरने तीच वापरायची, नाहीतर वर्षाच्या शेवटी तो तिचं काम परत करतो आणि तुम्ही दोनदा पैसे देता.


शिवणयंत्र

खूप खूप आभार सगळ्यांचे. खतावणी ताई, रात्री बसून तुमचं गणित केलं. जाहिराती बघितल्या, पगाराचा मधला आकडा धरला, आणि माझ्या जुन्या अकाउंटंटनी सांगितलेली चौपट फी ही त्या पगाराच्या एक तृतीयांश निघाली! म्हणजे पाव हिश्शापेक्षा जास्त आहे पण मी समजत होते तसं अवाजवी काही नाहीये. निम्म्यात करणाऱ्यांची एक षष्ठांश. हे बघून जरा शांत झाले.

पण मग तो फरक कशाचा ते कळलं नाही. आणि दुसरं, मी त्यांना म्हणाले की ऑनलाइनचे पैसे तर आठवड्यातून एकदाच खात्यात येतात, दोन प्लॅटफॉर्मच्या महिन्याच्या आठ नऊ एन्ट्री, त्याचं एवढं काय काम. तर ते म्हणाले तेच सगळ्यात जास्त काम आहे. खरंच का?


खतावणी

खरंच आहे हो, आणि हे मी माझ्या प्रत्येक ऑनलाइन विकणाऱ्या गिऱ्हाइकाला कागदावर काढून दाखवते.

समजा बँकेत ८,७४० आले. तुम्ही एक्सेलमधे लिहिलंत विक्री ८,७४०. पण त्या आठवड्याची खरी विक्री होती १२,०००. त्यातून कमिशन गेलं १,५००, पाठवणीचा खर्च ९००, जाहिरातीचे ५००, आणि एक बॅग परत आली तिचे ३६०. उरले ८,७४०. आता तुमच्या हिशेबात विक्री १२,००० नाही तर ८,७४० दिसतेय, आणि कमिशन, पाठवणी, जाहिरात हे खर्च दिसतच नाहीयेत. नफा शेवटी तोच येईल म्हणून लोक सोडून देतात. पण विक्रीवरचा कर बहुतेक ठिकाणी पूर्ण किमतीवर बघितला जातो, हातात पडलेल्या रकमेवर नाही, आणि करासाठी नोंदणी करायची मर्यादा सुद्धा विक्रीवर मोजतात. शिवाय दोन प्लॅटफॉर्मपैकी कुठला जास्त खातोय हे तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यात महिना संपताना पाठवलेल्या ऑर्डरींचे पैसे पुढच्या महिन्यात येतात, ते या महिन्याच्या विक्रीत धरायचे आणि येणं म्हणून दाखवायचे. एका एन्ट्रीमागे हे एवढं असतं.

यातला बराच वेळ तुम्ही स्वतः कमी करू शकता. दोन्ही प्लॅटफॉर्मवर सेटलमेंटचा रिपोर्ट, म्हणजे विक्री किती, कापलं किती आणि हातात किती याचा हिशेब, असतो, तो दर आठवड्याला उतरवून एका फोल्डरमधे तारखेच्या नावाने ठेवा, नुसतं तेवढं केलंत तरी माझ्यासारखीचे महिन्याचे एक-दोन तास वाचतात. घरखर्च त्या कार्डवर करत असाल तर आजपासून बंद. आणि नगावर काम करणाऱ्या दोघींना रोख देत असाल तर सही घेतलेली पावती ठेवा.

वेळ कुठे जातो त्याचं एक उदाहरण देते, कारण गिऱ्हाइकाला हे दिसत नाही. परवा एका ठिकाणची बँक जुळवणी करत होते, सगळं जुळलं फक्त २७० चा फरक. दोनशे सत्तर ही रक्कम कुठेच नाही, ना बिलात ना स्टेटमेंटमधे. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की बरेचदा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, म्हणून तसं शोधायला घेतलं, आणि मिळालं, ५,६३० चं बिल ५,३६० म्हणून टाइप झालेलं. पाऊण तास गेला. २७० सोडून दिले असते तर कोणाला कळलं नसतं, पण तोच फरक दोन उलट्या चुकांचा मिळून सुद्धा असू शकतो, एक मोठी इकडे एक मोठी तिकडे, आणि ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. स्वस्त कामात हा पाऊण तास नसतो.

फरकाबद्दल, एक तृतीयांश का, तर माझा अंदाज त्या राहिलेल्या चार महिन्यांवर आहे. जुनं साठलेलं काम ताज्या कामापेक्षा महाग पडतं, कारण चार महिन्यांपूर्वीचा व्यवहार तुम्हालाही आठवत नसतो. त्यांना सांगा की मागचं काम एकदाचं म्हणून वेगळं लिहा आणि महिन्याचं वेगळं. एकत्र करून दिलं की पुढच्या वर्षी मागचं काही उरलेलं नसतं पण फी तीच राहते.


दुरुस्ती_केंद्र

एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. फी ठरवाल तेव्हा सोडून जाताना काय हे पण ठरवा.

आमचं उपकरणं दुरुस्तीचं काम आहे. आधीच्या अकाउंटंटनी सॉफ्टवेअरचं खातं त्यांच्या ईमेलवर उघडलं होतं, महिन्याची वर्गणी तेच भरायचे आणि फीत धरायचे, मला सोयीचंच वाटलं. नंतर काम दुसरीकडे द्यायचं ठरवलं तेव्हा कळलं की आपला सहा वर्षांचा हिशेब ज्या खात्यात आहे त्याचा पासवर्ड आपल्याकडे नाही, मालकी पण आपली नाही. त्यांनी मुद्दाम अडवलं असं मी म्हणणार नाही, पण शेवटी मला पीडीएफचा गठ्ठा मिळाला आणि त्यावरून नवीन ठिकाणी सुरुवातीच्या शिलका हाताने टाकाव्या लागल्या. गिऱ्हाइकांची येणी एकेक बिल बघून परत लिहिली, माझी बायको आणि मी पंधरा दिवस रात्री जागून.

म्हणून सॉफ्टवेअरचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, वर्गणी स्वतः भरा आणि अकाउंटंटला आत यायची परवानगी द्या. टॅक्सच्या पोर्टलचा रजिस्टर्ड ईमेल आणि मोबाइल तुमचाच हवा. बँकेचं फक्त बघण्यापुरतं लॉगिन द्या, पैसे पाठवायचा अधिकार कोणालाच नाही, माणूस कितीही चांगला असो. हिशेब लिहिणारा आणि पैसे सोडणारा एकच नको.

आणि कुठलंही सॉफ्टवेअर किंवा विमा घ्या म्हणाले तर यात तुम्हाला कमिशन आहे का असं सरळ विचारायचं. असलं तर ते त्यांनी स्वतःहून सांगायला पाहिजे.


शिवणयंत्र

सगळ्यांना सांगायला आले. काल जुन्या अकाउंटंटकडे जाऊन आले, दीड तास बसलो.

आधी मनात होतं की भाव कमी करा म्हणून सांगायचं, पण गेले आणि म्हणाले की मला आधी कामाची यादी करून द्या, मग फी बोलू. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, उलट त्यांनी एक कागद घेतला आणि लिहायला बसले. मागचे चार महिने वेगळे काढले, त्याची एकदाची फी, दोन हप्त्यात. ते काढल्यावर वर्षाची फी त्या पगाराच्या पाव हिश्श्यावर आली, खतावणी ताई, अगदी तुम्ही म्हणाला होतात तिथे. सेटलमेंट रिपोर्ट मी उतरवून देणार हे धरून. नाही दिला तर त्या महिन्याला तासाप्रमाणे जास्तीचे घेणार, हे पण लिहिलं, ते मला बरोबर वाटलं.

पगारपत्रक पाच माणसांपर्यंत फीत आहे, पुढे माणशी. फोनवर सल्ला महिन्याला एक तास फीत. टॅक्सची नोटीस आली आणि चूक त्यांची असेल तर उत्तर द्यायचे पैसे नाहीत, चूक माझी असेल किंवा नुसती चौकशी असेल तर तासाप्रमाणे. हा मुद्दा मी विचारला नव्हता, त्यांनीच काढला. विक्री आत्ताच्या दीडपट झाली तर परत बसायचं, लाकूडकाम दादा हे तुमचं घेतलं. सॉफ्टवेअरचं खातं माझ्या नावावर उघडलं, तिथेच बसून, त्यांच्याच कॉम्प्युटरवर.

निम्म्यात करणाऱ्यांना पण छपाईवाला दादांचा प्रश्न विचारला होता आधी. ते म्हणाले "कळलं नाही तर इतर खर्चात टाकतो, कोणी बघत नाही." त्यांना नमस्कार करून नाही सांगितलं.

एकच राहिलं. हे सगळं लिहिलेल्या पत्रावर सही करताना मुदत किती महिन्यांची ठेवायची, आणि सोडायचं असेल तर आधी किती दिवस सांगायचं? त्यांनी जागा मोकळी सोडलीय, म्हणाले तुम्ही ठरवून सांगा.


खतावणी

वाचून फार बरं वाटलं. नोटिशीचा मुद्दा स्वतःहून काढणारा माणूस सांभाळून ठेवा.

मुदत एक वर्षाची ठेवा, पण ती तुमच्या हिशेबी वर्षाबरोबर संपू देऊ नका, वर्षअखेरचा ताळेबंद आणि रिटर्न होईपर्यंत असू दे. नाहीतर महिन्याचं काम एकाने केलेलं आणि वर्षअखेर दुसऱ्याच्या गळ्यात, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. सोडायचं असेल तर दोन्ही बाजूंनी दोन महिने आधी सांगायचं असं आम्ही ठेवतो. आणि एक ओळ वाढवा, काम संपल्यावर सगळे कागद आणि नोंदी पंधरा दिवसांत परत, आणि पुढच्या अकाउंटंटनी काही विचारलं तर माहिती द्यायला तुमची संमती आहे असं लिहा. नवीन माणूस काम घेण्याआधी जुन्याला विचारतो ही आमच्यात रीत आहे, पण तुमच्या परवानगीशिवाय जुना काही बोलू शकत नाही, म्हणून ती आधीच लिहून ठेवलेली बरी.

चार महिन्यांचं साठलेलं काम करताना बिलं महिन्याप्रमाणे लावून द्या, दुकानदाराप्रमाणे नको. बँक जुळवणी तारखेने होते.


शिवणयंत्र

मी नेमकी दुकानदाराप्रमाणेच लावून ठेवली होती. आज परत लावते. दोन महिने आणि पंधरा दिवस, दोन्ही लिहून सही करून टाकते उद्या.